पोळ्याच्या दिवशी बराकीला गेलेली गाडी

आता लोक जालन्याच्या जुन्या बराकी बघून म्हणतात, काय दगड, काय बांधकाम. म्हणू द्या. माझ्या तर डोक्यात तिडीक जाते.

गोऱ्या साहेबांनी आपल्या पलटणीसाठी त्या बांधल्या. पलटण गेली, मंग कितीक वर्षं तिथं वटवाघळं लोंबायची. निजामाच्या शेवटच्या पावसाळ्यात पुन्हा त्याची फौज येऊन राह्यली आणि आसपासच्या गावांच्या मानेवर बसली. सरपण, गवत, सगळं गावानं पाळीपाळीनं गाडीतून पोचवायचं. दाम न्हाई, नुसती बेगार. माझं माहेर टेंभुर्णीचं, तिकडं हा ताप नव्हता. इथं लग्न होऊन दुसरंच वर्ष, आणि आमची पाळी आली ती नेमकी पोळ्याला.

आदल्या संध्याकाळी सासऱ्यांनी बैलांची खांदेमळण केल्ती. हळद-तूप लावून खांदा चोळला की पोळा होईस्तोवर त्यावर जू ठेवायचं न्हाई, हा नेम. सासरे ते सांगायला बराकीत गेले. तिथला जमादार म्हणाला, "बैल नक्को तो नक्को. गाडी होना, दोपहर के पहले." म्हंजे बैल नसले तरी गाडी दुपारच्या आत पायजेच.

म्हाताऱ्यानं काय करावं? जुवाखाली एका बाजूला माझा नवरा घेतला, दुसऱ्या बाजूला स्वतः. "माणसं जुंपलेली बघून लाजंल तो," म्हणाले. नवरा चार दिवसांच्या तापातून उठलेला. मी सून, सासऱ्यापुढं तोंड उघडायची सोय न्हाई. पदर दातात धरून मागून गाडी ढकलत गेले.

जमादार कशाचा लाजतोय. लाकडं उतरवून घेतली, शिपाई फिदीफिदी हसले आणि तो म्हणाला, "तुम लोगां तो अच्छा खींचते. फिर बैलां कायकू होना?"

आम्हाला वाटलं मस्करी करून राह्यला. दुसऱ्या दिवशी सकाळीच दोन शिपाई गोठ्यात आले आणि त्यांनी जोडी सोडली. नवरा आडवा गेला, तर त्याला बंदुकीच्या दस्त्यानं बाजूला सारलं.

थोड्याच दिवसांत ती फौज हरली, बराकी रिकाम्या झाल्या. आम्ही तिथला कोपरा न् कोपरा धुंडाळला, पण जोडी काही सापडली न्हाई.

त्या जमादाराला मी अजून शिव्या घालते. पण खरं सांगू का, सासऱ्यांवरचा राग त्याहून मोठा आहे. बैलांसाठी ज्यानं तापातल्या पोराला जुंपलं, तो माणूस त्या सकाळी एक शब्द उलटून बोलला न्हाई. शिपायांच्या मागं मागं वेशीपर्यंत गेला आणि हात जोडून सांगत राह्यला, "तांबड्याला डावीकडंच जुंपा, मालक. आन् पांढरा परक्याच्या हातचं पाणी पीत न्हाई, त्याला जरा गोंजारा."