पायाळू आत्या आणि चिंचेवरची वीज

डोक्यावर ढग गडगडत असताना स्वतःचा जीव वाचावा म्हणून तुम्ही एखाद्या बाईला आडोशातून बाहेर हाकलाल का? घाईनं ‘नाही’ म्हणू नका. आमच्या वस्तीतल्या बायकाही एरवी ‘नाही’च म्हणाल्या असत्या.

भूत, भानामती, अंगात येणं — यातलं मी काहीही मानत नाही. आजही नाही. छप्पन साली आम्ही धर्म बदलला, तेव्हा घरातले देव गेले आणि पत्रकं आली. वडिलांच्या त्या पत्रकांवरच मी अक्षरं गिरवली. त्यामुळे हे लिहायला मला लाज वाटते आहे. पण घडलेलं दडवून ठेवणं हाही खोटेपणाच की...

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा. मी कोल्हापुरात बी.एस्सी. करत होतो. सुट्टीत गडमुडशिंगीला घरी आलो होतो आणि शांताआत्याबरोबर एका शेतात भुईमूग उपटायला जात होतो. आत्या म्हणजे वडिलांची धाकटी बहीण. नवऱ्यानं टाकलेली. रोजगारावर तिचं पोट. आणि ती पायाळू — जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पायाळू माणूस वीज ओढून घेतो, असं आमच्याकडं पक्कं मानतात. देव सोडले, हे मात्र कुणी सोडलं नाही.

दुपारी चारच्या सुमाराला वळीव भरून आला. मी हे शिकलो होतो. मे महिन्यात जमीन तापते, दमट हवा झपाट्यानं वर चढते आणि ढग फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुगत जातो. उंचावरच्या गारठ्यात त्यातले बर्फाचे कण एकमेकांवर आपटतात, ढगात वीज साठते. ती खाली येते तेव्हा बहुतेक वेळा सगळ्यात उंच वस्तू गाठते. उघड्या रानातलं एकटं झाड, खांब, नाहीतर उभा माणूस. कोण कसा जन्मला याची ती चौकशी करत नाही.

उघड्या रानात एकच झाड होतं, बांधावरची थोरली चिंच. सगळे तिच्याखाली पळाले. सहा बायका, आत्या आणि मी. मालकाचा एक बैलही खोडाला बांधलेला होता. पहिला कडकडाट झाला तशी टोळीची म्होरकी हौसाबाई ओरडली, “खुरपी फेका भाईर! लोखंड ठिवू नका जवळ!” खुरपी गेली. मग ती आत्याकडं वळली.

“शांते, तू बी हो भाईर.”

“का गं? चिंच काय तुझ्या बानं लावलीया?”

“पायाळू हायस तू. तुझ्यापायी आमची पोरं उघडी पडतील. जा म्हणती न्हवं!”

“हौसामावशी,” मी म्हणालो, “वीज काय पाय बघून पडत न्हाय!”

“व्हय रं शाण्या? मग तू बी जा आत्यासंगं. पावसात वाच तुझी पुस्तकं!” बायका हसल्या.

खुरपी आणि माझी आत्या, दोन्ही बाहेर.

मी रागानं आत्याबरोबर निघालो. शंभरेक पावलांवर सखल जागा होती. तिथं आम्ही पाय जुळवून उकिडवे बसलो. झाडाखाली उभं राहणंच सगळ्यात धोक्याचं, हे मला ठाऊक होतं. वाद घालताना तेवढं एकच सांगायचं राहिलं. मला जिंकायचं होतं ना!

“आरं, त्यास्नी सांग की झाडाखालनं निघा म्हणून,” आत्या म्हणाली.

“मरू देत त्यांना,” मी म्हणालो.

होय. हे शब्द माझे.

“आसं बोलू ने, बाळू. मी जाती.” ती उठायला लागली. मी तिचं डावं मनगट घट्ट धरून तिला खाली बसवलं. पुढची पाच मिनिटं ते मनगट मी सोडलं नाही. माझी शुद्ध पूर्ण जागेवर होती.

मग पांढरा उजेड... आणि कानठळ्या. चिंच वरपासून खालपर्यंत चिरली होती. बैल जागीच गेला. पण बायका झाडाखाली नव्हत्या. वीस-पंचवीस पावलांवर चिखलात पडल्या होत्या, जिवंत.

आम्हाला सखल जागेतून धावत येताना बघून हौसाबाई आत्याला म्हणाली, “आता तर मला वढून भाईर काढलंस... तितं कवा जाऊन बसलीस?” सहाही जणी हेच म्हणाल्या. शांतानं हाताला धरून ओढलं.

वीज पडण्याआधी हाताला मुंग्या येतात, केस उभे राहतात, हे मी वाचलेलं आहे. एकजण घाबरून पळाली की बाकीच्या पळतात, हेही खरं. पण मालकाची नवी सून बिद्रीहून आदल्याच रात्री आली होती. चहा घेऊन ती चिंचेखाली पोचली तेव्हा आम्ही निघून गेलो होतो. तिनं आत्याला कधी पाहिलेलं नव्हतं. तिलाही झाडाखालून ओढणाऱ्या बाईच्या उजव्या तळव्याला हिरवी चिंधी होती, असं तिनं सासऱ्याला सांगितलं. आत्याला सकाळीच खुरपं लागलं होतं. चिंधी हिरवीच होती, उजव्याच तळव्याला.

आत्याला विचारलं तर म्हणते, “मला काय म्हाईत? तूच धरून बसलातास की!”

बैल मेला म्हणून मालकानं दोष आत्याला दिला. आणि त्या सहा जणींनी मान डोलावली. त्याच सहा! “तीच वीज घिऊन आली,” हौसाबाई म्हणाली. त्या दिवसापासून गावात आत्याला कुणी कामाला बोलावलं नाही. ती आता रोज चालत कोल्हापूरला मिरच्यांची देठं काढायला जाते.

मला याचा उलगडा आजही झालेला नाही. कुणी करून दिला तर ऐकेन, पण देवी-चमत्कार सांगायला माझ्याकडं येऊ नये.

वाचकांकडं एक मागणं आहे. यंदा वळीव गडगडला की झाडाखालच्या माणसांना आधी पक्क्या घरात न्या, वाद मागाहून घाला. आणि तुमच्या गावात पायाळू म्हणून टोळीतून काढलेली कुणी बाई असेल, तर तिच्या दारात जा. उद्या सकाळी कामावर ये, म्हणून सांगा.