ग्रेडरच्या हाताची पोस्ट

आर्णीत फुटबॉलवर जोक मारायचा पहिला हक्क माहा होता, हे मी आजही छातीठोक सांगतो. आमच्याकडे धड मैदान नाही, जे आहे त्यावर लोक सोयाबीन वाळू घालतात. पण परदेशी क्लबाच्या जर्स्या घालून हिंडणारे पोट्टे गल्लोगल्ली. क्लब हरला की दोन दिवस जेवत नव्हते लेकाचे, तिकडच्या खेळाडूनं जसं काही यांच्या बहिणीचं लग्न मोडलं. माहं फ्लेक्सचं दुकान होतं, कॉम्प्युटर होता. त्यांची थट्टा करायले मी एक पेज काढलं. पहिली पोस्ट म्हणजे एका परदेशी स्ट्रायकरच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. गळ्यात जाड चेन, डोळ्यावर गॉगल, वर ‘युवकांचे आशास्थान’ आणि खाली शुभेच्छुकांचे बारा गोल फोटो. लोक मले चौकात थांबवून हसले. मले वाटलं, आपण जिंकलो बाप्पा.

मग मीच माह्या पायावर धोंडा पाडून घेतला. माहा एक दोस्त होता, शाळेपासूनचा, बसस्टँडमागे गाड्या दुरुस्त करायचा. तो म्हणाला, “भाई, मले बी एखादी टाकू दे ना.” मी दिला पासवर्ड. मोबाइलची काच फुटलेली, अंगठ्याले ऑइल. टाकून टाकून टाकीन काय हा?

त्यानं टाकलं ते असं. एका क्लबचे कट्टर समर्थक मौसमाच्या पहिल्या मॅचआधी गोलपोस्टच्या बुडाशी दहीभात ठेवून सीतादही करून राह्यले, आमच्या बाया पहिल्या वेचणीले वावरात करतात तशी, की माय, यंदा गोल चांगले पिकू दे. फोटो नाही, काही नाही, नुसत्या चार ओळी आणि खाली त्याचं नाव. माह्या फ्लेक्सपेक्षा तिप्पट लोक हसले. मी बी हसलो, आणि हसता हसता जळलो. सीतादही माह्या घरची! माही आई दरसाल करते. वावर आमचं, कापूस आमचा, त्याच्या सात पिढ्यांत कोणी पऱ्हाटी लावली नाही. मग हे त्याले सुचलं आणि मले काहून नाही सुचलं?

ते बोंडअळीचं वर्ष होतं. बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. बाबा घरात बोलतच नव्हते. चहा दिला तर पीत, नाही दिला तर मागत नव्हते. मी रोज माही नवी पोस्ट त्यांच्यापुढे धरायचो. “बाबा, हे पाहा ना.” ते पाहत, “हं” म्हणत आणि चष्मा काढून ठेवत. साऱ्या आर्णीले हसवणारा मी, घरातल्या एका माणसाले हसवू शकत नव्हतो.

जो काही कापूस हाती लागला, तो बाजारात न्यायच्या दिवशी मी घरीच राह्यलो. कंबर धरली म्हणून सांगतलं. कंबर चांगली ठणठणीत होती. संध्याकाळी मोठी मॅच होती आणि दोस्ताच्या आधी मले पोस्ट तयार ठेवायची होती. भाड्याची पिकअप रस्त्यात बंद पडते म्हणून बाबा त्यालेच सोबत घेऊन गेले.

दोन दिवसांनी त्याची पोस्ट आली. परदेशात खेळाडूंची खरेदी चालू आहे, पण आपल्या कापसाच्या बाजारासारखी. कापूस तपासून भाव लावणारा ग्रेडर येतो, स्ट्रायकरच्या जर्सीत कोपरापर्यंत हात घालतो आणि म्हणतो, ओला आहे, भाव कमी लागीन. दुसऱ्यांदा हात घालतो, म्हणतो, लईच ओला आहे. तिसऱ्यांदा घालतो, तेव्हा स्ट्रायकर म्हणतो, “साहेब, आता गाभण आहे का नाही तेवढं सांगून टाका.”

मी ती बाबाले दाखवली नाही. त्यांनी शेजारच्याच्या मोबाइलवर पाह्यली आणि हसले. असे हसले की ठसका लागला आणि आई चुलीजवळून पळत आली. “पोट्टं हुशार आहे,” डोळे पुसत म्हणाले.

मी म्हटलं, “माह्या बी पोस्टा चांगल्या असतात.”

“असतीन,” ते म्हणाले.

त्या ‘असतीन’नं माहं डोकं फिरलं. मी खोट्या नावाचं एक खातं उघडलं आणि त्या पोस्टखाली लिहिलं, ‘ज्याच्या घरी कापसाचं एक बोंड नाही, त्यानं कास्तकाराच्या दुःखावर हसू नये. लाज वाटली पाहिजे.’ एवढंच. दुपारपर्यंत त्याखाली दीडशे लोक तुटून पडले. मग कोणीतरी पोस्टखालचं नाव वाचून त्याच्या धर्मावर घसरलं. ते मी लिहिलं नव्हतं, पण फाटक मीच उघडून दिलं होतं. खरं सांगतो, त्याची पोस्ट पडली याचं मले त्या दिवशी बरं वाटलं.

दोस्तानं पोस्ट काढून टाकली. संध्याकाळी दुकानात आला. तोंड उतरलेलं. “भाई, पेज तूच चालव,” म्हणाला. “तुह्या घरी कापूस आहे, तुले कोणी काही म्हणणार नाही.” मी त्याले चहा पाजला. लोक नालायक असतात, असंही म्हटलं.

आठवड्यानं मामा घरी आला. बाबा खुशीत होते, मले हाक मारली. “ते हातवालं काढ बरं मोबाइलवर, याले दाखवतो.”

“नाही आहे आता. काढून टाकलं त्यानं.”

“कायले?”

“लोक म्हणतात, कास्तकाराची टिंगल झाली.”

“कोण गाढव म्हणते?” बाबा उसळले. “अबे, ते मीच म्हणलतो ग्रेडरले! सारा बाजार हसला, ग्रेडर बी हसला. परत येताना तुह्या दोस्तानं विचारलं, काका, टाकू का? म्हटलं, टाक. पण माह्या पोराले सांगू नको. पाहू, त्याले आपल्या बापाचं बोलणं ओळखू येते का.”

मामा हसून राह्यला होता. बाबा माह्याकडे पाहत होते, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा असे, काहीतरी मिळायची वाट पाहिल्यासारखे.

“ओळखलं होतं का बे?”

“हाव,” मी म्हटलं.