दारातलं बाकडं आणि ‘सेटल’

मुदखेडहून हैदराबादची गाडी, तिथून विमान, असा बेत होता. ऑटो कोपऱ्यावर पोचला आणि लक्षात आलं, चष्मा घरीच राहिला. पळत आलो. आईने चष्मा दिला, पण वाट अडवली.

“माघारी आलास न्हवं? आता बस. पाणी पी, मग निघ.”

“गाडी चुकंल आई.”

“चुकू दे. बस.”

निघालेला माणूस परतला, तर घटकाभर टेकल्याशिवाय त्याने पुन्हा निघू नये, हा आमच्याकडचा कायदा. दारातल्या बाकड्यावर बसलो. वडिलांनी ते रेल्वेच्या लिलावात घेतलं होतं. तांब्याभर पाणी प्यालो. गाडी चुकली नाही. ती नेहमीसारखी लेट होती.

कोपऱ्यावर मामा ऑटोवाल्याला मोठ्याने ऐकवत होते, “भाचा इंग्लंडात सेटल होऊन राहिला, म्हाईत हाय का?” या शब्दाला आमच्याकडे फार मान. फ्लॅट, गाडी आणि लग्न झालं की माणूस सेटल. बाकीचे ‘अजून बघून राहिलेत’.

मँचेस्टरमध्ये यथावकाश सगळं झालं. यंदा तर तिथल्या सरकारनेच लेखी कळवलं की मी ‘सेटल्ड’ आहे, म्हणजे कायमचा राहायला मोकळा. मामांनी पेढे वाटले. आईने फोनवर एवढंच विचारलं, “म्हंजी आता येणार न्हाईस का?”

मी नेटवर्कला दोष देऊन फोन ठेवला.

पुढे एका जुन्या पबमध्ये उंच पाठीच्या लाकडी बाकावर बसलो होतो. मालकीणबाई म्हणाल्या, या बाकाला सेटल म्हणतात. घरी येऊन शब्दकोश उघडला. शब्द फार जुना; मूळ अर्थ, बसायची जागा. मग बसवणं, गाळ तळाशी जाणं, तंटा मिटवणं, परमुलखात वस्ती करणं. फ्लॅटचा उल्लेख कुठेच नव्हता. खिडकीबाहेर धुकं होतं. त्यात बराच वेळ एक बाकडं तरंगत राहिलं, आणि हाताला तांब्याचा गारवा लागत राहिला.

सुट्टी काढून मुदखेडला गेलो. निघायच्या दिवशी ऑटो कोपऱ्यावर थांबवला आणि चालत परत आलो. आई दारातच होती.

“आता काय राह्यलं?”

“चष्मा.”

“डोळ्यावर हाय की तुझ्या.”

 तिने पदराने बाकडं पुसलं, पाणी आणलं आणि शेजारी बसली. तांब्या रिकामा झाला. ‘निघ’ काही ती म्हणाली नाही, आणि गाडीचं नाव मीही काढलं नाही.