कोरणी धरलेला हात

१६ मे १९७३. सुट्टीतली पुस्तकमोजणी. तोंडाला पदर बांधून मी तिसरं कपाट रिकामं केलं होतं. चित्रकलेचे वर्ग चालवणाऱ्या एका संस्थेच्या वाचनालयात तेव्हा माझी नोकरी होती. पुस्तकांचा आकडा जुळला की मोजणी झाली, असं बाकीचे मानत. मी चित्रांची पानंही मोजायचे. पुस्तक जागेवर राहतं आणि आतलं चित्र जातं, हे मला अनुभवानं माहीत होतं.

त्या दिवशी एका जुन्या विलायती पुस्तकातलं पान गेलेलं निघालं. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कसं कोरायचं, तेजाबानं रेघ कशी खोल करायची, मग शाई भरून कागदावर ठसा कसा काढायचा, हे सगळं त्यात चित्रांनी दाखवलं होतं. गेलेल्या पानावर एकच चित्र होतं, कोरणी तळहातात कशी धरायची त्याचं. पान शिवणीलगत ब्लेडनं कापलेलं.

माझ्या डोळ्यांपुढे लगेच एक माणूस आला. मंगळवार पेठेत भांड्यांवर नावं घालणारा साठीचा कारागीर. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, पण गेल्या दिवाळीआधी दर सोमवारी, दुकान बंद ठेवून, तो हेच पुस्तक मागायला यायचा. चित्र गिरवायला बटर पेपर घेऊन बसायचा. मी समोरच बसायचे, कारण धारेच्या हत्याराशिवाय असला माणूस घराबाहेर पडत नसणार, असं मला वाटायचं.

संस्थेचे कार्यवाह तेवढ्यात आत आले. पेशानं वकील. कापलेलं पान पाहून म्हणाले, "तरी मी सांगत होतो, बाई. आज भांडीवाला आत घेतलात, उद्या कल्हईवाला येईल. लेखी द्या. त्याचं येणं बंद करून टाकू."

मी लेखी दिलं. धंदा, दुकानाचा पत्ता आणि 'दाट संशय' असे शब्द. कागद कार्यालयाच्या ट्रेमध्ये ठेवला. पण नुसत्या संशयावर माझं समाधान होईना. पान मिळालं पाहिजे होतं. संध्याकाळी सरळ त्याच्या दुकानात गेले.

तो एका ताटावर छिन्नीनं ठिपके पाडत बसला होता. मागच्या भिंतीवर खळीनं चिकटवलेलं तेच चित्र. तीच बोटं, तीच मूठ, बाहीची तीच चुणी.

"मामा, ते खाली काढा."

"कशापायी?"

"वाचनालयाचं आहे म्हणून."

त्यानं हातोडी खाली ठेवली. "बाई, जवळ या की. लांबनं तुमास्नी चोर दिसतोय, जवळनं गाढव दिसंल."

मी जवळ गेले. हात डावा होता. पुस्तकातला उजवा. समोरच्या पानावरच्या मजकुरात तसं छापलेलंही होतं, ते मी सकाळीच वाचलं होतं. शिवाय चित्राखालची इंग्रजी अक्षरं आरशात दिसावीत तशी उलटी.

"चाळीस वरसं नावं घालतोय," तो म्हणाला. "सुलट घालायचं, सुलट वाचायचं. ठसा काढायचा तर उलटं कोराय लागतंय, हे मला कुठलं ठावं? पत्रा कोरला, शाई भरली, गुजरीतल्या सोनाराच्या पत्रा दाबायच्या मशिनीतनं काढला, तर हात डावा! बायको म्हणती, आता जेवाय बी डाव्या हातानं शिका."

त्यानं पितळेचा पत्रा पुढे केला. त्यावर हात उजवा होता. रेघांवरून मी नख फिरवून पाहिलं. बटर पेपरवरचं पेन्सिलीचं चित्रही पाहिलं.

"हे गिरवून झाल्यावर पान कापलं नाही कशावरून?"

"पान हाताशी असतं तर असल्या पुसट रेघा धरून डोळं फोडत बसलो असतो व्हय? कुठं चुकलं ते बघाय संक्रांतीनंतर आलतो मी. तवा ते पान न्हवतंच."

"मग तेव्हाच मला सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं तर माझ्यावरच आला असता की तुमी."

ट्रेमधल्या कागदाचं मी त्याला सांगितलं नाही. त्याच्या शब्दावर पूर्ण विश्वास ठेवला असंही नाही. संक्रांतीनंतर तो आला होता का, हे वहीत सापडणारच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी पोचले. ट्रेमधला कागद काढला, चार तुकडे करून पर्समध्ये टाकले आणि वाचकांची वही काढली. जानेवारीच्या शेवटी, एका सोमवारी, कारागिराची अंगठ्याएवढी ठळक सही होती. मग देवघेवीची वही पाहिली. ते पुस्तक बाहेर न्यायला परवानगी नव्हती. तरीही दिवाळी आणि संक्रांत यांच्यामध्ये ते एकदा आठ दिवस बाहेर गेलं होतं. कार्यवाहांच्या घरी.

मी नवा कागद घेतला. पान दिवाळीपर्यंत जागेवर होतं, संक्रांतीनंतर कारागिराला मिळालं नाही, मधल्या काळात पुस्तक कोणाकडे होतं, एवढंच लिहिलं. 'संशय' हा शब्द या वेळी घातला नाही. दहा वाजता कार्यवाह येऊन खुर्चीत बसले. मी कागद त्यांच्यापुढे ठेवला, वर देवघेवीची वही उघडून ठेवली आणि त्यांच्याच सहीवर बोट टेकवून उभी राहिले.