चोविसावा प्रश्न

हौसाकाकू गेल्याचे मला मीराने फोनवर सांगितले. मीरा मूळची उदगीरकडची. कुरुळीत काकूंच्या चाळीत ती भाड्याने राहते आणि जवळच्या कंपनीत पॅकिंगचे काम करते. "मॅडम, काकू गेल्या की हो," एवढे बोलून ती थांबली, आणि मी काही विचारायच्या आत तिने सगळा तपशील पुरवला. सकाळी काकूंनी चहा घेतला, तो पाणचट झाल्याचे सुनेला ऐकवले, तरी दुसरा कप मागून घेतला आणि ओट्यावर उन्हात जाऊन बसल्या. सून भाजी निवडायला बाहेर आली तेव्हा... "कप रिकामा होता बगा," मीरा म्हणाली. "संपवूनच गेल्या." मला रडू आले आणि त्याच वेळी थोडे हसूही आले. कोणतीही गोष्ट अर्धवट सोडणे हे काकूंच्या स्वभावातच नव्हते. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले.

आमची ओळख झाली ती माझ्या संकोची स्वभावामुळे. कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले आणि ज्या वयात लोक हौसेने प्रवासाला निघतात त्या वयात पीएच.डी.साठी नाव नोंदवले. विषय मार्गदर्शक सरांनी सुचवला: चाकण पट्ट्यातील मूळ ग्रामस्थ आणि बाहेरून आलेली कुटुंबे यांच्या सामाजिक-आर्थिक स्थितीची तुलना. एकाच गावात, त्याच कारखान्यांच्या आसऱ्याने राहणाऱ्या या दोन समाजांपैकी कोणाचे अधिक बरे झाले आणि ते कशामुळे, हे पाहायचे होते. प्रश्नावली मी मन लावून तयार केली. तेवीस प्रश्न, गाववाल्यांसाठी पिवळा कागद, बाहेरून आलेल्यांसाठी गुलाबी. अडचण एकच होती. ती प्रश्नावली घेऊन अनोळखी माणसाच्या दारात उभे राहणे मला काही केल्या जमेना. पिंपरीच्या संत तुकाराम नगरातल्या माझ्या घरून मी दोनदा कुरुळीपर्यंत गेले आणि दोन्ही वेळा एकही कागद न भरता परत आले. तिसऱ्या खेपेला एका चाळीच्या फाटकापाशी उभी राहून मी मोबाइल पाहण्याचे नाटक करत होते, तेव्हा आतून खणखणीत आवाज आला.

"काय गं बाई, खोली पायजे का? येकट्या बाईला देते मी. पुरुषाला येकट्याला देत न्हाई."

खोली नको आहे, असे सांगण्याचे धैर्य मला झाले नाही. मी खोली पाहिली. नळाला पाणी किती वाजता येते, हेही विचारले. काकूंनी दोन खोल्या उघडून दाखवल्या, संडास दाखवला, कपडे वाळत घालायची गच्ची दाखवली, आणि गच्चीवर वाऱ्याने माझ्या पिशवीतले पिवळे-गुलाबी कागद उडाले तेव्हा सगळा उलगडा झाला. कागद गोळा करता करता त्या इतक्या हसल्या की खालच्या भाडेकरणी वर बघू लागल्या. "अगं, मंग सांगायचं की! मी आपली मोरी दाखवत बसले." त्या दिवसापासून त्यांच्यासाठी मी 'मास्तरीणबाई' झाले आणि माझ्या संशोधनाचा कारभार त्यांच्या हाती गेला.

पुढचे सात-आठ महिने त्या मला दारोदार घेऊन हिंडल्या. "ही आमची मास्तरीणबाई. लाजरी हाय, पर हुशार हाय. इचारंल त्याचं नीट सांगायचं, फुशारक्या मारायच्या न्हाईत," अशी माझी ओळख करून दिली जाई. तुलनेचे त्यांचे स्वतःचे शास्त्र होते आणि ते माझ्या तक्त्यांपेक्षा पुष्कळ धारदार होते. गाववाल्यांच्या दारात गाड्या उभ्या होत्या, बाहेरच्यांच्या दारात सायकली. पण कोणाच्या घरात वह्या दिसतात आणि कोणाच्या नाहीत, हे त्या उंबऱ्यातूनच टिपत. "त्यांच्या पोरांला बसायला खुर्ची न्हाई, तरी अभ्यासाला बसत्यात. आमच्याकडं सोफा हाय, तर पोरगं त्याच्यावर लोळतंय." मी हे उत्साहाने टिपून घेऊ लागले की लगेच दुसरी बाजू येई. "पर येक लिवा. मीराचा नवरा आजारी पडला तवा तिला शेजारनीला हाका मारत फिराया लागलं. आमच्या घरात कुनी नुसतं शिंकलं तरी चुलत-मावस धरून धा मानसं जमत्यात. ह्याला काय म्हंता तुमी?" सामाजिक पाठबळ, असे मी म्हणाले. "ते लिवा. आन् त्यातली पाच नुसती च्या प्यायला येत्यात, हे बी लिवा."

त्यांच्या स्वतःच्या घराचा कागद मात्र त्यांनी शेवटी ठेवला होता. एकदा दुपारी त्या सहज म्हणाल्या, "मला कुठला रंग?" मी अर्थातच पिवळा पुढे केला. त्यांनी पहिला प्रश्न वाचायला लावला: या गावी किती वर्षांपासून? "लगीन झाल्यापासनं," काकू म्हणाल्या. "मी घोडेगावकडची. म्हंजी बाहेरचीच की! माझी सून जुन्नरची. समोरची ती बी तिकडचीच. आवो मास्तरीणबाई, गावातल्या समद्या सुना गुलाबी!" इतके वाचन करून, इतक्या काळजीने आखलेल्या माझ्या वर्गवारीत ही गोष्ट मला सुचली नव्हती. मीही लग्नानंतर साताऱ्याकडून पिंपरीला आलेली, आणि तरीही सुचली नव्हती. मी खजील झाले. त्यांनी मात्र हसणे थांबवले आणि थोड्या वेळाने खऱ्या विषयाला हात घातला. आता वाटते, त्या दिवसाचीच त्या वाट पाहत होत्या.

त्यांच्या यजमानांच्या पश्चात बहुतेक जमीन कारखान्यांना आणि रस्त्याला गेली होती. घरामागे अकरा गुंठे उरले होते. त्यावर तिघांची नावे होती: काकूंची, मुलगा बाळासाहेब यांचे आणि पुनावळ्यात दिलेली मुलगी संगीता हिचे. बाळासाहेबांना तिथे गोदाम बांधायचे होते आणि त्यासाठी बहिणीची हक्कसोड हवी होती. ही रीत या पट्ट्यात घरोघरी आहे. बहिणीने जमिनीतला आपला वाटा भावाच्या नावे सोडायचा, कचेरीत जाऊन सही करायची, आणि भावाने त्या दिवशी तिला गोडाचे जेवू घालून साडी द्यायची. संगीता आईला रोज फोन करून विचारत होती, काय करू? "सही दिली तर रान जातं," काकू म्हणाल्या, "न्हाई दिली तर म्हायेर जातं. मी हाय तवर ठीक हाय. मी गेल्यावर तिनं कुणाच्या दारात यायचं? ह्याला तुमच्या कागदात रकाना हाय का?"

नव्हता. मी तो केला. घरातल्या सुनांनी आणि लेकींनी आपापल्या वडिलांच्या जमिनीवरील हक्क सोडून दिला आहे का, असा चोविसावा प्रश्न मी हाताने प्रत्येक कागदावर लिहिला आणि आम्ही दोघी पुन्हा पहिल्यापासून सगळ्या घरांत गेलो. त्या फेरीत मला माझ्या प्रबंधातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण मिळाले. उत्पन्न, शिक्षण, घर, वाहन, कर्ज, नातेवाईक... सगळ्या रकान्यांत पिवळे कागद एक सांगत होते आणि गुलाबी दुसरे. चोविसाव्या प्रश्नापाशी मात्र दोन्ही रंग सारखे झाले. मीराही सही करून आली होती. "भावानं जीप पाठवली की. जेवण बी झकास केल्ते. मी म्हणलं, जाऊ दे, दिवाळीला बोलावतेत तरी." काकूंनी माझ्याकडे पाहिले. "आन् मास्तरीणबाई, तुमी?" मीही केली होती. भावाने कागद पुढे केला, मी पेन मागून घेतले, इतकेच. काय लिहिले आहे, हेसुद्धा वाचले नव्हते. परतताना रस्ताभर काकूंनी माझा हात धरून ठेवला होता.

त्यानंतर एके दिवशी त्यांचा निरोप आला: आज आमच्या घरचा कागद भरायचा, बाराला या. मी भोळेपणाने गेले. घरात पुरणपोळीचा वास होता, संगीता माहेरी आलेली होती, ताटात नवी हिरवी साडी ठेवलेली होती आणि तीन वाजता कचेरीत जायचे ठरले होते. उंबऱ्यावर मीराही येऊन बसली होती. मला परत फिरावेसे वाटले, पण काकूंनी पाट मांडला. बाळासाहेबांनी उत्तरे अगदी आनंदाने दिली. गाड्या, खोल्या, टँकर... माझ्या कागदावर जागा पुरेना. तेविसावा प्रश्न संपला आणि मी कागदाची घडी करू लागले.

"चोविसावा कुटं ग्येला?" काकूंनी विचारले.

मी वाचला. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. काकू म्हणाल्या, "मोठ्यांदी." मी पुन्हा वाचला.

बाळासाहेब गडबडले. "मॅडम, ते... संध्याकाळी लिवा की."

"संध्याकाळी का रं?" काकू.

"तवर झाल्यालं असंल."

पहिल्यांदा संगीताच हसली. बाळासाहेबांनी मला हळूच विचारले, "ह्या कागदावर माझं नाव येतं का?" नाव नसते, फक्त क्रमांक असतो, असे मी सांगितले. उंबऱ्यावरून मीरा म्हणाली, "आमच्या भावाचं बी नाव नाही तिथं. पण मला ठाऊक हाय की कोन हाय ते."

बाळासाहेब उठले, अंगणात गेले, धुतलेले हात त्यांनी पुन्हा धुतले आणि ओल्या हातांनीच दारात येऊन उभे राहिले. "संगे, तुला काय पायजे ते सांग येकदाचं."

"मला काय पायजे?" ती म्हणाली. "चार गुंठं राहू दे नावावर. मी काय इकणार न्हाई दादा. पर तू इचारलंच न्हाईस, यकदम साडीच आणलीस. ती बी हिरवी! हिरवी मला कधी आवडलीय व्हय रं?"

"मी न्हाई आणली. हिनं आणली," बाळासाहेब बायकोकडे बोट दाखवत म्हणाले. स्वयंपाकघरातून सुनेचा आवाज आला, "मला काय बोलताय? पोळ्या गार व्हायल्यात, आधी जेवा." आणि सगळे जेवायला बसले. तीन वाजता कोणी कचेरीत गेले नाही. मी चोविसाव्या प्रश्नापुढे, लेकीच्या रकान्यात, 'नाही' असे लिहिले. प्रबंधातला तो पहिलाच 'नाही' होता.

पुढे रीतसर वाटप झाले. संगीताचे चार गुंठे वेगळे निघाले, मधे तारही ठोकली गेली. पण गोष्ट तेवढ्यावर सुखाने संपली, असे लिहिले तर काकूंना ते फुशारकीचे वाटेल. बाळासाहेब भाऊबीजेला बहिणीकडे गेले खरे, पण पाटावर उपचारापुरते बसले आणि जेवून लगेच निघाले. बहीण-भावात बोलणे होई ते कामापुरते. काकूंची चिंता मिटली नव्हती. आमच्या शेवटच्या भेटीत त्या म्हणाल्या होत्या, "रान तर राहिलं. म्हायेराचं काय हुतंय ते मी गेल्यावर बगा. आन् तुमच्या पुस्तकात लिवा." मी विषय बदलला. मला तेच सुचते.

गेल्या रविवारी मी कुरुळीला गेले. प्रबंधाची बांधून आलेली प्रत त्या घरी द्यावी, असे वाटत होते, आणि खरे सांगायचे तर, काकू म्हणाल्या होत्या ते बघून यायचे होते... घरात सून होती. "मागं हायेत," ती म्हणाली. मी घराला वळसा घालून गेले. अकरा गुंठ्यांतली तार एके ठिकाणी वाकवून माणूस जाईल एवढी वाट केलेली होती. पलीकडे संगीताने मेथीचे वाफे केले होते आणि त्या वाफ्यांत बाळासाहेब पाण्याचा पाइप धरून उभे होते.

"बगा की मॅडम," ते म्हणाले, "ही पेरून गेली पुनावळ्याला. पाणी कुणी घालायचं? मी काय हिचा सालगडी हाय?" आणि पुढच्या वाफ्याकडे सरकले. तेवढ्यात फोन वाजला. हात ओले म्हणून त्यांनी तो स्पीकरवर लावून खिशात ठेवला.

"दादा, पाणी घातलंस का रं?"

"न्हाई घातलं. मला लय कामं हायेत."

"कडंच्या वाफ्याला जरा जास्ती लागतं."

"तुझं तू येऊन घाल."

"दुपारपत्तुर येते. पोरं बी यायची म्हणत्यात."

"ये की. कुनी नगं म्हणलंय?"

फोन बंद झाला. ते कडेच्या वाफ्याकडे गेले आणि तिथे बराच वेळ पाइप धरून राहिले. तोंडाने नाही म्हणायचे आणि हाताने करत राहायचे, ही खास काकूंची पद्धत होती. मला त्यांची इतकी आठवण झाली की प्रबंधाची प्रत पुढे करायचेही मी विसरले. बाळासाहेबांनी पाइप खाली टाकला, वाकून दोन्ही मुठींत मावेल एवढी मेथी मुळासकट उपटली, मुळे पाण्यात खळबळली आणि जुडी माझ्या हातात दिली.

"घ्या मॅडम. संगीच्या रानातली हाय. तिला सांगू नका."