जावईबापूंची खोली

गेंड्याला डोळे असतात ते नावापुरते. वीस पावलांवरचा माणूस त्याला झाडाच्या खोडासारखा भासतो आणि झाडाचे खोड माणसासारखे. देवाने त्याला नजर देताना हात आखडता घेतला. पण नाक आणि कान देताना मात्र घमेले भरभरून ओतले. म्हणून गेंडा वासात राहतो, वासात झोपतो, वासानेच आपले आणि परके ओळखतो. त्या प्राणिसंग्रहालयात हे पुरते उमजलेला माणूस एकच होता. त्याला सगळे मामा म्हणत.

मामाने सव्वीस वर्षे गेंड्यांची सेवा केली. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, हातात लांब दांड्याचे फावडे आणि कमरेला किल्ल्यांचा जुडगा. त्याची शिस्त एवढीच, पण पोलादी : आधी नाव, मग पाऊल. गजांपाशी जाण्याआधी तो बादलीच्या कडीने दोनदा टणटण करी आणि मोठ्याने म्हणे, "आलो गं बाई!" ज्याला दिसत नाही त्याच्या दारात मुकाट्याने उभे राहणे म्हणजे त्याला भिववणे, आणि पन्नास मणांचे जनावर भ्याले तर लोखंडालाही घाम फुटतो. मामाच्या हाकेवाचून त्या घरात कधी कोणी शिरले नाही. नामाआधी रूप नाही, हे कथेकरी व्यासपीठावरून सांगतात. मामा ते शेण काढताना आचरत असे.

पूर्वी तिथे दोन बहिणी होत्या, थोरली आणि धाकटी. धाकटी तापाने गेली, तेव्हा थोरलीने एकोणीस दिवस गवताच्या काडीला तोंड लावले नाही. मामा पालथ्या बादलीवर बसून राही, बोलत राही. विसाव्या दिवशी तिने त्याच्या हातातून ओल्या गवताची एक पेंढी घेतली, आणि हा बाप्या माणूस भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला. प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "मामा, या वेळी निभावलं. पण पुन्हा जर हिनं असं अन्न सोडलं, तर शरीर सोसणार नाही. एवढ्या मोठ्या जनावराचं पोट एकदा थांबलं, की ते चालू करणं आपल्या हातात नसतं."

मग नव्या घरांचा नकाशा आला. मुख्य फाटकाशी काचेच्या चौकटीत तो लावला होता. अस्वलांना गुहा, जिराफांना उंच छत, आणि सर्वांत मोठे घर गेंड्यांचे : शेजारी शेजारी दोन खोल्या, मध्ये जाड गजांची भिंत, त्या भिंतीत सरकते दार, आणि कोपऱ्यात एक लहानशी चौकट. तिच्यात लिहिले होते, 'पिल्लू'. तो शब्द वाचून मामा तिथेच उभा राहिला. येणारे जाणारे त्याला वळसा घालून गेले.

साहेबांनी सगळ्यांना बोलावून सांगितले, की दूरच्या एका प्राणिसंग्रहालयातून नर येणार.

"म्हणजे मुलाकडचे येणार आणि मुलीच्या घरी राहणार?" मामाने विचारले.

"घरजावई म्हणा हवं तर," साहेब हसले.

झाले! त्या दिवसापासून न पाहिलेल्या त्या नराचे नाव जावईबापू पडले. घरी मामी म्हणाली, "स्वतःच्या लेकीसाठी स्थळ बघायला तुम्हाला तीन वर्षं सवड नाही, आणि तिथे मांडव घालून बसलात!" मामा म्हणाला, "अगं, ती नाही म्हणायला शिकलीय. या बिचारीला नाही म्हणायची सोय नाही, म्हणून मला बघावं लागतं."

नवे घर बांधून झाले. दुसरे अंगण मात्र अजून नकाशातच होते. त्यामुळे पलीकडच्या खोलीतून जनावराला बाहेर पडायला वाट एकच, थोरलीच्या खोलीतून. थोरलीला हलवण्याआधी मामाने तिच्या जुन्या शेणाच्या अकरा पाट्या नव्या खोलीत नेऊन एका कोपऱ्यात रचल्या. इंजिनिअरांनी नाकाला रुमाल लावला. "अहो, नव्या कोऱ्या फरशीवर हे?"

"तुम्ही दारावर नावाची पाटी लावता ना साहेब? ही तिची पाटी."

थोरली आली, कोपरा हुंगला, आणि माहेरी आल्यासारखी आडवी झाली.

आता पुढची रीत ऐका. अनोळखी नरमादी एकदम समोर आणले तर एकमेकांचा जीव घेतात. म्हणून आधी वासाची ओळख करून देतात. नराचे शेण झाकणबंद बादल्यांतून गाडीने येई. मामा ते रोज सकाळी पलीकडच्या रिकाम्या खोलीत पसरी, ताजा पेंढा टाकी. डॉक्टरीणबाईंनी सांगितले होते ते एवढेच. पण मामाच्या अंगात शिस्त मुरलेली. खोली रिकामी असली म्हणून काय झाले? तो त्या गजांशीही कडी वाजवू लागला आणि म्हणू लागला, "आलो हो जावईबापू!" थोरलीला कळावे, की शेजारी जो कोणी आहे तो मामाच्या ओळखीचा आहे, भिण्याचे कारण नाही. रोज सकाळी एक हाक आणि रोज संध्याकाळी एक. प्रेमाने मारलेली, मनापासून मारलेली, समोर कोणीच नसताना मारलेली हाक.

पहिल्या आठवड्यात थोरली फुत्कारून गजांवर धावून गेली. तिसऱ्यात नुसती उभी राहू लागली. सहाव्यात ती गजांना पाठ लावून झोपली. मामाने मामीला हे सांगितले तेव्हा त्याचा चेहरा वधूपित्यासारखा फुलला होता.

सातव्या आठवड्यात, साप्ताहिक सुटीच्या दिवशी, भर दुपारी, तो एकटाच कामाला होता. बागेत माणूस नव्हता. पाखरेही उन्हाने गप्प झाली होती. मामाने पलीकडच्या गजांतून आत पाहिले. सकाळी विस्कटून टाकलेला पेंढा मधोमध दबला होता. लांबट, खोल, एका कुशीचा दाब. भिंतीवर, माणसाच्या छातीच्या उंचीवर, ओल्या चिखलाचा घासलेला पट्टा होता. त्या खोलीत चिखल नव्हता. तिथे मातीचा कणही कोणी नेला नव्हता.

त्याने किल्ली चाचपली. ती त्याच्याच कमरेला होती. फडक्याने त्याने पट्टा पुसला. फडके गार लागले.

दुसऱ्या दिवशी पट्टा पुन्हा होता. मामाने विचार केला, मग विचार करणे सोडून दिले. थोरली खात होती, मनसोक्त खात होती, तिची कातडी तुकतुकीत झाली होती. त्याला आणखी काय हवे होते? फक्त हाक मारताना तो आता गजांपासून दोन पावले मागे उभा राही. कारण हाक मारली, की थोरलीचे कान त्याच्याकडे वळत नसत. ते पलीकडच्या खोलीकडे वळत, आणि तिथेच थांबत, जसे कोणी उत्तर देत असताना थांबावेत.

तीनेक आठवडे असे गेले, आणि साहेबांनी त्याला बोलावून घेतले. टेबलावर पत्र होते. डॉक्टरीणबाई खिडकीशी उभ्या होत्या.

"मामा, नर गेला," साहेब म्हणाले. "तिकडेच. आजारी पडला आणि दोन दिवसांत आटोपलं. तीन आठवडे होत आले."

"तीन आठवडे? परवाच तर बादली आली."

"त्यांच्या कोठीवाल्याला कोणी सांगितलंच नाही. तो भरून ठेवलेल्या बादल्या गाडीत चढवत राहिला." साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पुढच्या वर्षी दुसरा मिळेल. पण त्याचा वास वेगळा. तेव्हा ही खोली आजच फिनाइलनं धुवून काढा. काही राहता कामा नये."

पत्रातली तारीख पाहून मामाने बोटांवर दिवस मोजले. पेंढा पहिल्यांदा दबला त्याच दिवशी तिकडे तो गेला होता. हे त्याने कोणाला सांगितले नाही.

त्याने खोली धुतली. पेंढा काढला, फरशी घासली, भिंत घासली. पट्टा तीनदा घासल्यावर गेला. गजांपलीकडे थोरली उभी होती. ती धावून आली नाही, फुत्कारली नाही. नाक वर करून हवेत शोधत राहिली. संध्याकाळी मामाने तिला हाक मारली. पलीकडे हाक मारली नाही; आता कोणाला मारायची?

थोरलीने त्या संध्याकाळी गवत हुंगून सोडले. दुसऱ्या दिवशी हुंगलेही नाही. केळी दिली, कोंडा दिला, गुळाचे पाणी दिले. तिसऱ्या दिवशी ती गजांना कपाळ टेकून उभी राहिली ती हललीच नाही. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटाला कान लावावा तशी नळी लावली आणि बराच वेळ ऐकले.

"आज काही पोटात गेलं तर गेलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "उद्या मी काही करू शकणार नाही."

तो पुन्हा सुटीचाच दिवस होता. तशीच दुपार, तशीच चिडीचूप बाग. डॉक्टरीणबाई कोपऱ्यातल्या गजांतून हात घालून थोरलीच्या तोंडाशी केळे धरून उभ्या होत्या. मामा पालथ्या बादलीवर बसला आणि थोरलीच्या कानांकडे पाहत राहिला. ते अजून पलीकडे वळलेले होते. धुतलेल्या, रिकाम्या, फिनाइलचा दर्प मारणाऱ्या खोलीकडे. वास गेला होता आणि कान तरी तिथेच होते! तेव्हा त्याच्या काळजात लख्ख झाले. अरे, वास तर बादलीने आणला होता. पण ज्याला तू रोज दोन वेळा नाव घेऊन बोलावलेस, त्याला निरोप कोणी दिला? नावाने ज्याला उभे केले, तो फिनाइलने कसा जाईल?

मामा उठला. त्याने टोपी काढली. पलीकडच्या गजांशी जाऊन बादलीची कडी दोनदा वाजवली.

"जावईबापू," तो म्हणाला, "आमची चूक झाली. तुम्हाला बोलावलं आणि तुमची खोली धुवून काढली. रागावू नका. पण आता निघा. ती तुमच्यापायी उपाशी आहे हो. निघा, बापा."

खोलीतून एक श्वास सुटला.

लांब, जड, ओला श्वास. गजांवरची धूळ हलली. डॉक्टरीणबाईंनी दचकून थोरलीकडे पाहिले; पण थोरलीचे तोंड त्यांच्याच हाताशी होते, आणि ती श्वास रोखून उभी होती.

मामाने बाहेरचा दांडा ओढला. मधले दार घरघरत सरकले. थोरली आत गेली नाही. ती दोन पावले मागे हटली, मग आणखी एक, आणि आपले अवजड अंग भिंतीला लावून वाट दिली, जशी अरुंद बोळात थोरामोठ्याला देतात. तिचे कान हळूहळू वळू लागले. दारापासून खोलीच्या मध्यापर्यंत. मध्यापासून अंगणाच्या दारापर्यंत. मामाने दुसरा दांडा ओढून तेही उघडले. थोरली मागोमाग गेली नाही. कान अंगणाकडे लागले, थोडा वेळ ताठ राहिले, आणि सैल पडले.

मामाने अंगणाचे दार बंद केले. मग तो घराला वळसा घालून धावत गेला, अंगणाचे रस्त्याकडचे मोठे फाटक त्याने सताड उघडले आणि त्याच्या कडेला धरून उभा राहिला. टोपी हातात, मान खाली. समोर ऊन, धूळ आणि मोकळा रस्ता.

"मामा," डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून विचारले, "फाटक धरून का उभे आहात?"

"मोठं जनावर आहे, बाई. वेळ लागतो."

त्यांनीही वाट पाहिली. बऱ्याच वेळाने फाटकाचा पत्रा मामाच्या हाताखाली एकदा थरथरला, जणू एखादी रुंद पाठ त्याला घासून गेली. मामाने फाटक लावले, कडी घातली, आणि वळला.

घरातून गवत चावण्याचा आवाज येत होता.