जीजाजींची पहिली अंघोळ

जीजाजींच्या तोंडाला मी काळं फासलेलं नाही, हे एकदा लेखी स्वरूपात सांगून टाकते. काळं त्यांच्यावर आपोआप पडलं. मी फक्त प्लग काढला.

मूळ भांडण काकांचं आणि माझं. काकांचं राजपुरा भागात मोटार गॅरेज आहे. गाड्यांच्या इंजिनातून उतरवलेलं काळं तेल ते घरी आणतात आणि अंगणातल्या शेगडीत थेंब थेंब सोडून त्यावर अख्ख्या घराचं पाणी तापवतात. शेगडी त्यांनीच पत्र्याचा डबा कापून बनवलीय. मी मात्र बुधवारा भागात घरोघर पत्रकं वाटते : ‘काळं तेल जाळू नका, विजेवर पाणी तापवा.’ आता माझ्याच अंगणात हा धूर म्हटल्यावर लोक पत्रकाचं काय करणार? (शेवचिवडा बांधतात. मी डोळ्यांनी पाहिलंय.)

“अरे बेटा, माझं तेल फुकट आहे,” काका म्हणायचे. “तुझा विजेचा रॉड लावला की मीटर कसं पळतं, बघितलं का कधी?”

“फुकट कसं? धुराचे पैसे कोण मोजणार?”

“आजपर्यंत कोणी मागितले नाहीत.”

शेवटी बाबा वैतागले. “एकदा समोरासमोर तापवा. जे स्वस्त पडेल ते या घरात राहील. दुसरं भंगारात.”

मुहूर्त मीच काढला, नरक चतुर्दशीची पहाट. ताईचा पहिला दिवाळसण, जळगावहून जीजाजी आलेले, म्हणजे साक्षीदार बाहेरचा आणि निष्पक्ष. आई म्हणाली, “तुमचं काय करायचं ते करा, पण सूर्य उगवायच्या आत जावयाची अंघोळ झाली पाहिजे. नाहीतर ताईच्या सासरी आपलं नाव जाईल.” मी म्हटलं, “आई, विज्ञानावर विश्वास ठेव.”

पहाटे अंगणात दोन सारखे हंडे. एक काकांच्या शेगडीवर, एकात माझा रॉड. मीटरवर फक्त रॉडचाच आकडा यावा म्हणून घरातले दिवे, फ्रिज, पंखे सगळं मी बंद केलं. (गॅस? तो आदल्या दिवशी चकल्या तळतानाच संपला होता.) मध्ये पाटावर जीजाजी, अंगभर तेल, वर उटणं, थंडीने दात वाजतायत.

“रश्मी, कोणतंही पाणी चालेल मला,” ते म्हणाले.

“जीजाजी, साक्षीदाराने असं बोलायचं नसतं.”

हंड्यांतून वाफ दिसू लागली आणि तेवढ्यात मला शेगडीमागे एक वायर दिसली. शेगडीला हवा मारणारा छोटा पंखा! वायर धरून गेले, तर ती माझ्याच एक्स्टेंशन बोर्डात, माझ्या रॉडच्या शेजारी. म्हणजे काकांचं फुकट तेल माझ्या विजेवर जळत होतं, आणि बिल माझ्या बाजूला चढत होतं!

“काका, ही सरळ सरळ लूट आहे.”

“अगं पंखा आहे तो. केवढीशी लाइट खातो?”

“प्रश्न केवढ्याशाचा नाही, तत्त्वाचा आहे,” असं म्हणून मी भिंतीतून बोर्डाचाच प्लग उपटला आणि भाषण सुरू केलं.

भाषण चांगलं झालं. पण हवा बंद झाल्यावर शेगडीतलं तेल जळेना, नुसतं धुमसू लागलं. आधी करडा, मग काळा, मग डांबरासारखा धूर अंगणात फिरला आणि बसायला जागा शोधू लागला. अंगणात चिकट जागा एकच होती. ती पाटावर बसली होती.

“अगं थांब, जावई दिसत नाहीत!” आई आतून ओरडली.

धूर ओसरला तेव्हा पाटावर दोन डोळे होते. ताई रडत म्हणाली, “रश्मे, रॉडचं पाणी तरी आण.”

मी हंड्यात हात घातला. कोमट, वर काजळीची साय. रॉडही त्याच बोर्डात होता, हे मला तेव्हा आठवलं. काकांचा हंडा? त्यात तर पाण्यापेक्षा काजळी जास्त.

समोरच्या गच्चीमागे तांबडं फुटायला लागलं होतं. आईने माठातलं गार पाणी उचललं आणि नाव राखायला थेट जीजाजींच्या डोक्यावर ओतलं. सूर्याच्या आत अंघोळ झाली. काळं मात्र तसूभर हललं नाही. गार पाण्याने तेल निघत नाही, हा शोध त्या दिवशी सगळ्या गल्लीला एकदम लागला.

मग दिवसभर शेगडी आणि रॉड, दोन्ही लावून जावई धुतला. संध्याकाळी बाबा म्हणाले, “तेल स्वस्त का लाइट, ते राहू दे. या घरात सगळ्यात महाग तू पडलीस.”

भाऊबीज झाल्यावर जळगावहून एक खोकं आलं. आत नवाकोरा गीझर! काकांची शेगडी भंगारात गेली. वीज जिंकली, पर्यायाने मी जिंकले. जीजाजींनी एकच अट फोनवर घातली, ती घरात सगळे पाळतात.

त्यामुळे आता दिवाळीच्या पहाटे घरात विजेचा विजय चालू असतो, आणि सगळ्यांच्या अंघोळी होईपर्यंत विजेत्या उमेदवाराला गच्चीवर बाहेरून कडी घालून ठेवतात.